एकच मजकूर, अनेक स्टाइलशीट

कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी शाहूवाडी हा सह्याद्रीच्या कडेचा तालुका. विशाळगड आणि आंबा घाटाचा परिसर याच तालुक्यात येतो. अतिवृष्टीचा इशारा असो, दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असो किंवा भरतीची जाहिरात, शासकीय संकेतस्थळावर आलेली सूचना येथे अनेक प्रकारे वाचली जाते. मलकापुरात ती संगणकाच्या पडद्यावर दिसते, घाटालगतच्या वाडीत मोबाइलवर, तर ग्रामपंचायतीच्या फलकावर ती छापील कागद होऊन लागते. मजकूर एकच असला, तरी प्रत्येक ठिकाणी तो सुवाच्य राहावा यासाठी संकेतस्थळाला एकाहून अधिक स्टाइलशीटची गरज भासते.

स्टाइलशीट म्हणजे काय?

संकेतस्थळाच्या पानात मजकूर आणि मांडणी या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. अक्षराचा आकार, रंग, समास, रकाने यांचे नियम ज्या फाइलमध्ये लिहिलेले असतात, ती स्टाइलशीट. होकोन विउम ली यांनी ही कल्पना १९९४ मध्ये मांडली. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीला मान्यता दिली. पडदा, छपाई अशा माध्यमांसाठी वेगवेगळे नियम देण्याची सोय १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत आली.

वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारख्या आशय व्यवस्थापन प्रणालींनी हीच विभागणी पुढे नेली. कर्मचारी केवळ मजकूर भरतो; तो कोणत्या साच्यात आणि कोणत्या स्टाइलशीटने सजवायचा, हे प्रणाली ठरवते. कोल्हापूर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या व्यवस्थेवर चालते. देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे त्याच व्यवस्थेवर उभी असल्याने त्यांची ठेवण एकमेकांसारखी दिसते.

एकाहून अधिक कशासाठी?

पहिली स्टाइलशीट मूळ मांडणीची. लहान पडद्यासाठी रकाने एकाखाली एक आणणारे नियम तिच्यातच लिहिता येतात किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येतात. पडद्याची रुंदी ओळखून नियम बदलण्याचे तंत्र २०१२ मध्ये प्रमाणित झाले.

दुसरी छपाईची. कागदावर मेनू, फिरती चित्रे आणि शोधचौकट यांचा उपयोग नसतो. छपाईची स्टाइलशीट ते सारे लपवते, अक्षरे काळी करते, तक्त्याचे शीर्षक प्रत्येक पानावर पुन्हा छापते आणि एखादी ओळ दोन पानांत तुटू देत नाही. लाभार्थ्यांची लांबलचक यादी छापताना तिसऱ्या पानावरील आकडा कोणत्या रकान्यातला, हे त्यामुळेच कळते.

तिसरी दृष्टी अधू असलेल्या वाचकांसाठी. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरे दाखवणारे बटण अनेक शासकीय संकेतस्थळांवर दिसते. ते दाबताच पर्यायी स्टाइलशीट लागू करता येते. वाचकाची निवड ब्राउझरमध्ये साठवून ठेवली, तर पुढील पानावर बटण पुन्हा दाबावे लागत नाही. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढे प्रमाण हवे. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे ही सोय आता केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही.

क्रम चुकला तर

अनेक स्टाइलशीट एकत्र आल्या, की त्यांच्यात मतभेद होतात. दोन नियमांचे वजन सारखे असेल, तर नंतर आलेला नियम लागू होतो. म्हणूनच मूळ मांडणी आधी आणि विशेष नियम नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. वर्डप्रेसमध्ये एखादी स्टाइलशीट कोणत्या स्टाइलशीटवर अवलंबून आहे, हे नोंदवता येते. प्रणाली त्यानुसार क्रम लावते. स्वतःचे बदल मूळ थीमच्या फाइलमध्ये केल्यास पुढील अद्ययावतीकरणात ते पुसले जातात. ते 'चाइल्ड थीम'मध्ये ठेवणे हितावह असते.

माध्यम नमूद करण्यात झालेली चूकही महागात पडते. काळ्या पार्श्वभूमीची स्टाइलशीट सर्व माध्यमांना लागू केली आणि वाचकाने त्याच स्थितीत पान छापले, तर ब्राउझर सहसा पार्श्वभूमीचा रंग छापत नाही. पांढऱ्या कागदावर फिकट पिवळी अक्षरे उमटतात आणि सूचना वाचता येत नाही. ती स्टाइलशीट केवळ पडद्यापुरती मर्यादित ठेवली, की हा दोष टळतो.

मराठीचे वेगळे नियम

द्विभाषी संकेतस्थळात इंग्रजीची स्टाइलशीट मराठी पानांना तशीच लावली जाते आणि तिथे घोटाळा होतो. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमधील अंतर वाढवले तर ती शोभून दिसतात. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर ब्राउझर पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणाची अक्षरे निवडतो. मराठीसाठी छोटी स्वतंत्र स्टाइलशीट ठेवल्यास इंग्रजी पानांना धक्का न लावता हे सारे साधता येते.

किती पुरे?

अधिक स्टाइलशीट म्हणजे अधिक चांगले संकेतस्थळ, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पडद्याला लागणाऱ्या स्टाइलशीट हाती येईपर्यंत ब्राउझर सहसा पान दाखवत नाही. डोंगराळ भागात नेटवर्क क्षीण असेल, तर प्रत्येक अनावश्यक फाइल वाचकाला ताटकळत ठेवते. एके काळी याला कठोर मर्यादाही होती. इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत ३१ स्टाइलशीटनंतरच्या फायली सरळ दुर्लक्षिल्या जात. ड्रुपलमध्ये प्रत्येक मोड्यूल आपली फाइल जोडत असल्याने तेथे ही अडचण वारंवार येई. फायली एकत्र करून पाठवणे हा त्यावरील उपाय होता. तो आजही उपयोगी आहे.

संकेतस्थळ तयार झाल्यावर त्याची परीक्षा कार्यालयातील मोठ्या पडद्यावरच घेण्याचा प्रघात आहे. तेवढ्यावर न थांबता तेच पान साध्या मोबाइलवर क्षीण नेटवर्कमध्ये उघडून पाहावे, रंग बदलून वाचावे आणि काळ्या शाईत एकदा छापून पाहावे. या तिन्ही कसोट्यांवर सूचना वाचता आली, तरच ती जनतेपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.