श्रीमती लाउडन यांचे फावडे

बागेवर पुस्तक लिहिणारा मनुष्य बहुधा बागेतच वाढलेला असतो. आज मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जेन लाउडन यांनी १८४० साली लंडनमध्ये ‘इन्स्ट्रक्शन्स इन गार्डनिंग फॉर लेडीज’ म्हणजे स्त्रियांसाठी बागकामाचे पाठ, या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या दहाच वर्षे आधी त्यांना झाडापेडांविषयी काडीचीही माहिती नव्हती; आणि हे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले आहे.

त्यांचे माहेरचे आडनाव वेब. वडील बर्मिंगहॅमचे कारखानदार. धंद्यात खोट आली आणि १८२४ साली वडीलही गेले, तेव्हा या तरुण मुलीजवळ उपजीविकेसाठी लेखणीवाचून काही उरले नाही. १८२७ साली तिची ‘द ममी!’ ही तीन खंडांची कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. इसवी सन २१२६ मधील इंग्लंडची ती कल्पित कथा. त्या युगात टपाल तोफेच्या गोळ्यातून जाते आणि शेतात वाफेचा नांगर चालतो! हा नांगर जॉन लाउडन या बागशास्त्रज्ञाच्या नजरेस पडला. त्यांनी आपल्या ‘गार्डनर्स मॅगझिन’मध्ये कादंबरीचे कौतुकाने परीक्षण लिहिले आणि या कल्पक गृहस्थाची भेट घडवावी, असे मित्रांना सांगून ठेवले. १८३० च्या फेब्रुवारीत भेट झाली, तो ‘गृहस्थ’ स्त्री निघाला! सप्टेंबरात त्यांचे लग्न झाले.

जॉन लाउडन यांचा दबदबा मोठा होता. परंतु दुखण्यामुळे त्यांचा उजवा हात कापावा लागला होता. पत्नी हाच त्यांचा उजवा हात झाला. ते सांगत, त्या रात्री उशिरापर्यंत लिहून घेत. जो विषय आपण लिहून घेतो तो आपल्याला मुळीच कळत नाही, याची त्यांना मनस्वी लाज वाटे. तेव्हा त्या जॉन लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागल्या आणि घरी पतीला प्रश्न विचारू लागल्या. पुढे १८३८ साली पतीचा वृक्षांवरील आठ खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला आणि घरावर सुमारे दहा हजार पौंडांचे कर्ज झाले. बाईंच्या बागेवरील पुस्तकांना वेग आला तो या कर्जामुळे. विद्येच्या निखळ प्रेमापोटी ती लिहिली गेली असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे.

पुस्तकाच्या आरंभीच त्या खणण्याचे काम घेतात. गुलाबाच्या वर्णनाने सुरुवात करणे किती सोपे होते! पण त्या प्रथम पायाने दाबून जमिनीत रोवायचे विलायती फावडे वाचकाच्या हाती देतात. जमीन का खणायची? माती भुसभुशीत व्हावी, तिच्यात हवा शिरावी, मुळांना वाट मिळावी म्हणून. फावडे हलके असावे, हातात मजबूत कातडी मोजे असावेत, आणि ज्या पायाने फावडे दाबायचे त्याच्या जोड्याखाली लोखंडी पट्टी असावी म्हणजे तळवा दुखत नाही. पाते एका दमात खोल घालू नये. थोडे थोडे घालावे, थोडी थोडी माती उचलावी. प्रत्येक ‘करा’पाठोपाठ ‘का’ येतो. ज्या काळी खानदानी इंग्रज स्त्रीने फुले खुडावीत, फार तर त्यांची चित्रे काढावीत, एवढीच अपेक्षा होती, त्या काळी हे लिहिले गेले. अर्थात हा वाचकवर्ग घरी नोकरचाकर बाळगणारा होता. मजुरी करणाऱ्या बाईला खणण्याची युक्ती पुस्तकातून शिकण्याची गरजच काय?

स्वतःच्या अज्ञानाला त्यांनी आपली पात्रता मानले, हे मला विशेष वाटते. ज्याला एखादी गोष्ट लहानपणापासून येते, त्याला नवशिक्याचे कोठे अडते हे उमगत नाही. आपण मोठेपणी शिकलो म्हणून आपल्याला ते आठवते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मी पेशाने शिक्षिका आहे. जी उदाहरणे मला विद्यार्थिदशेत सहज सुटली तीच मी आजवर वाईट शिकवत आले. जिथे मी स्वतः अडखळले तिथेच मुलींचा चेहरा वाचता येतो. म्हणून लाउडनबाईंचे हे विधान मला केवळ विनयाचे वाटत नाही.

१८४२ साली त्यांनी स्त्रियांसाठी वनस्पतिशास्त्रावर पुस्तक लिहिले. १८५१ च्या आवृत्तीत नावातील ‘स्त्रियांसाठी’ हे शब्द गेले आणि तेच पुस्तक ‘मॉडर्न बॉटनी’ झाले. त्यांच्या बागेच्या पुस्तकाची आवृत्ती १८४३ साली अमेरिकेतही निघाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन लाउडन पत्नीला मजकूर सांगत असता उभ्या उभ्याच कोसळले आणि गेले. तेव्हा मुलगी ॲग्नेस अकरा वर्षांची होती. ते अपुरे पुस्तक बाईंनी पतीचे चरित्र जोडून १८४५ मध्ये प्रसिद्ध केले. सरकारकडून वार्षिक १०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. त्यांनी काही काळ एक स्त्रियांचे नियतकालिकही चालवले. १८५८ च्या जुलैत त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांचे नाव मागे का पडले? एक तर मुखपृष्ठावर बहुधा ‘मिसेस लाउडन’ एवढेच असे. त्यामुळे कर्तृत्वाची जमा पतीच्या खात्यावर होई. दुसरे कारण साधे आहे. उपयोगी पुस्तक बागेत जाते, त्याला माती लागते, पाने भिजतात, पुठ्ठा सुटतो; ते जपून कोण ठेवणार? आपल्याकडे अळूला पाणी किती घालावे, जाईची छाटणी कधी करावी, हे आजीने कागदावर लिहिलेच नाही. त्यांनी लिहिले, आणि तरीही ते हरवले.

१९६१ साली बी हाऊ या लेखिकेने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ‘द ममी!’ १९९४ साली संक्षिप्त रूपात पुन्हा छापली गेली आणि आज विज्ञानकथेच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो. म्हणजे बाग हाती घेण्यापूर्वीच मागे टाकलेल्या पुस्तकामुळे बाई पुन्हा भेटल्या. लंडनमधील पोर्चेस्टर टेरेस या रस्त्यावर त्यांचे घर आहे. त्याच्या भिंतीवरील निळ्या फलकावर जॉन आणि जेन अशी दोन्ही नावे आहेत.