प्रतीवरून प्रत : कारंज्याच्या पोथ्या आणि संगणकातील ग्रंथ

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या येथील शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन हा चौथ्या शतकातला. तो कवीही होता. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला, या कथेवर त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. पुढे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने त्याची दखल घेतली आणि अकराव्या शतकात धारच्या भोजाने त्यातील गाथा उदाहरणांसाठी घेतल्या. म्हणजे हे काव्य निदान सातशे वर्षे वाचले जात होते. आज मात्र ते मिळत नाही. अलंकारग्रंथांत विखुरलेल्या त्याच्या गाथा प्राकृताचे अभ्यासक व्ही. एम. कुलकर्णी यांनी वेचून एकत्र केल्या. त्या वेचलेल्या गाथांवरच आपल्याला ‘हरिविजया’ची ओळख करून घ्यावी लागते.

राजाने लिहिलेले, राजधानीत जन्मलेले, मोठमोठ्या पंडितांनी नावाजलेले काव्य नाहीसे होते. आणि त्याच जिल्ह्यातील कारंजा लाड या व्यापारी गावात शेकडो पोथ्या टिकून राहतात. असे का व्हावे? हा प्रश्न मला अलीकडे फार जवळचा वाटू लागला आहे. त्याला कारण माझा स्वतःचा ई-पुस्तकांचा संग्रह. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत साठलेल्या या काही हजार फाइली जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर न्यायच्या होत्या. हे काम करताना पोथ्यांची नक्कल करणाऱ्यांची पद्धत मी नव्याने अभ्यासली आणि ती आजही उपयोगी आहे असे दिसून आले.

कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारक परंपरेचे मोठे पीठ. येथे बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे आहेत आणि त्यांच्याबरोबर ग्रंथभांडारेही. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष गेले. पुढे कारंज्याच्या ग्रंथमालेतून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये संपादित केले. डॉ. हीरालाल जैन (हे रायबहादूर हिरालालांहून वेगळे) यांनी ‘पाहुडदोहा’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये प्रकाशात आणले. मराठी-हिंदीच्या आधीची पायरी असलेली अपभ्रंश भाषा अभ्यासकांना कळली, त्यात वऱ्हाडातील या गावाचा वाटा मोठा आहे.

या पोथ्या टिकल्या त्या केवळ मंदिरात ठेवल्या म्हणून नव्हे. कागद जीर्ण होतो, वाळवी लागते. म्हणून जुनी पोथी पूर्ण फाटण्याआधी तिची नक्कल करून घेतली जाई आणि असे करवून घेणे हे शास्त्रदानाचे पुण्य मानले जाई. नक्कल पूर्ण झाली की शेवटी पुष्पिका लिहीत: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणी, कोणासाठी लिहिले. कित्येकदा तेथेच ‘ग्रंथाग्र’ही नोंदलेले असे. ३२ अक्षरांचा एक श्लोक धरून सगळा ग्रंथ किती श्लोकांचा भरतो, ती ही संख्या. गद्य ग्रंथही याच मापाने मोजत. लेखनिकाची मजुरी ठरवायला ते उपयोगी पडे आणि मोठा भाग गळला असेल तर त्याचाही सुगावा लागे. शिवाय ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, पोथ्या वेष्टनातून बाहेर काढून, झाडून-पुसून, पूजा करून पुन्हा बांधायच्या, ही रीत होतीच. वर्षातून एकदा प्रत्येक पोथीला माणसाचा हात लागे.

एवढी काळजी घेऊनही नकलेत चूक होतेच. तिचे सर्वांत बोलके उदाहरण ‘धवला’ टीकेचे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ही टीका ७२,००० श्लोकप्रमाण मानली जाते. शतकानुशतके ती कर्नाटकातील मूडबिद्री येथेच, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर होती. लोक तिचे दर्शन घेत, वाचत नसत. १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले आणि ते अनेक वर्षे चालले. नकला बाहेर द्यायला तेथील मंडळी तयार नव्हती. तरी त्या काळात गुपचूप केलेली एक कन्नड नक्कल सहारनपूरला पोहोचली. तेथे तिची नागरी प्रत झाली आणि त्या नागरी प्रतीवरून पुढच्या प्रती निघाल्या. अशीच एक प्रत कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक असलेल्या हीरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले, तेव्हा अमरावती, आरा, सहारनपूर येथील प्रतींबरोबर कारंज्याचीही प्रत त्यांच्यापुढे होती. १९३९ ते १९५८ या काळात १६ भाग छापून पूर्ण झाले.

पहिल्याच भागात ९३ व्या सूत्रापाशी ते अडले. अर्थ लावता ‘संजद’ हा एक शब्द तेथे हवा होता, पण हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी शब्द गळला असावा अशी टीप दिली. त्या एका शब्दावर स्त्रियांच्या मोक्षाधिकाराचा प्रश्न अवलंबून असल्याने मोठा वाद झाला. अखेर मूडबिद्रीची ताडपत्रे पडताळली गेली आणि तेथे तो शब्द निघाला. सगळ्या प्रती एकाच वंशातल्या, म्हणून सगळ्यांत तीच चूक. प्रती चार असून साक्ष एकच!

संगणकाबाबत नेमका हाच धोका आहे. एक फाइल बिघडली आणि त्या बिघडलेल्या फाइलीच्याच तीन प्रती केल्या, तर त्या तीन प्रतींना काही अर्थ नाही. आमच्याकडे पुस्तके उतरवून घेताना मध्येच वीज जाते. फोल्डरमध्ये नाव दिसते, आत पुस्तक अर्धेच असते. म्हणून नव्या संगणकाकडे जाण्यापूर्वी मी आधी यादी केली: फाइलीचे नाव, आकार, कोठून मिळाली, केव्हा. ही झाली पुष्पिका. नंतर प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांचा ठसा काढून यादीत लिहिला. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी हा ठसा पार बदलतो. आपल्या ग्रंथाग्राचाच हा फार कडक वंशज म्हणायचा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तेथून नव्या संगणकावर नक्कल झाल्यावर ठसे पुन्हा काढून जुळवले. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘कॅलिबर’सारख्या प्रोग्राममध्ये संग्रह असेल, तर सुटी पुस्तके न उचलता ग्रंथालयाचे सगळे फोल्डर सूचीच्या फाइलीसह न्यावे लागते, नाही तर पुस्तके येतात, पण लेखक-विषयांच्या आपण केलेल्या नोंदी मागे राहतात.

लिपी बदलताना काय होते तेही मराठीला नवे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी टाइप केलेला मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असे. तो फाँट नव्या संगणकावर नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. रूपांतर करावे तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा चुकतात. म्हणून मी रूपांतरित प्रतीबरोबर मूळ फाइल आणि तिचा फाँटही ठेवतो. मूडबिद्रीची ताडपत्रे जपलेली होती म्हणून ‘संजद’ सापडला, हे विसरून चालणार नाही.

कुलूपबंद विकत घेतलेल्या पुस्तकांची गोष्ट मात्र वेगळी. २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि पैसे परत केले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. जिची नक्कल करता येत नाही, ती पोथी आपल्या भांडारात नाहीच असे समजावे. याउलट ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे संकेतस्थळ बंद पडले, तरी तेथील लाखो पुस्तके आज वाचता येतात; कारण कार्ल मालामुद यांनी त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर ठेवल्या.

‘हरिविजया’च्या शेवटच्या प्रतीचे काय झाले, ती कोणत्या घरात होती, याचा माग आता लागणार नाही. पण ती ज्याच्याकडे होती, त्याला ती शेवटची आहे हे बहुधा ठाऊक नसावे. आपल्याकडच्या स्कॅन केलेल्या एखाद्या जुन्या स्थानिक इतिहासाबद्दल किंवा बंद पडलेल्या मासिकाच्या अंकाबद्दल हेच खरे असू शकते. म्हणून कॉपीराइट संपलेल्या ग्रंथांची एक हार्ड डिस्क, छापील यादीसह, मी दुसऱ्या गावच्या एका अभ्यासकाकडे ठेवली आहे आणि त्यांची माझ्याकडे. दर श्रुतपंचमीला दोघेही आपापल्या डिस्का जोडतो, ठसे जुळवतो आणि चार पुस्तके उघडून खरोखर वाचून पाहतो. यंदा दोन फाइली माझ्याकडे बिघडलेल्या निघाल्या. त्यांच्याकडच्या प्रतीवरून त्या पुन्हा उतरवून घेतल्या.