भरलेली टर्म कुणाची?

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. नगर रस्त्यालगतची कॉलेजे मात्र त्याआधीची. काही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, काही स्वायत्त, आणि आता जोडीला खासगी विद्यापीठही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने एक फाटक सोडून दुसऱ्यात जायचे म्हटले, तर अंतर फारसे नाही. प्रश्न असतो मागच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचा. तो सोबत येतो की मागेच राहतो?

या प्रश्नाचे जुने उत्तर आजच्यापेक्षा सोपे होते. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकू लागले, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि १८८४ साली बी.ए. झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. तीन शहरे, तीन कॉलेजे, पदवी एकच. यात कुणाची मेहेरबानी नव्हती. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेई. शिकवणे हे कॉलेजांचे काम. टर्म भरल्याचा दाखला असला की कॉलेज बदलले तरी विद्यापीठ तेच राही.

हद्द ओलांडली की मात्र गोष्ट बदले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियातून १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली. सवलत कागदावर होती. ती वापरायला पैसा हवा होता. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. हा इतिहास आपण जिद्दीचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण विद्यापीठाने त्यांची जागा राखून ठेवली, हेही त्यात धरायला हवे.

१९४९ साली उलटाच प्रकार घडला. पुणे विद्यापीठ सुरू झाले, मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि फर्ग्युसनमधला विद्यार्थी जागचा न हलता त्याच्या कॉलेजाचे विद्यापीठ बदलले. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. अशा विभागणीच्या कायद्यांत चालू विद्यार्थ्यांची सोय सहसा केलेली असते. रेषा सरकारने सरकवली तर अभ्यास सुरक्षित. विद्यार्थ्याने स्वतः ती ओलांडली तर सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर. हा भेद मला न्याय्य वाटत नाही.

२८ जुलै २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी श्रेयांकांची बँक आणली. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. बाबासाहेबांना चारच मिळाली होती! पण पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमातली तीन वर्षे इथे काढून शेवटच्या वर्षी तिथली पदवी मागता येणार नाही. शिवाय बँकेतली जमा ही झाली नोंद. कोणता विषय कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरायचा, हे नवी संस्था ठरवते. स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता हे जुने शब्द त्यामुळे खिडकीवर अजून ऐकू येतात.

वाघोलीतल्या त्या मुलाने आपले कोणते विषय धरले जातील आणि कोणते पुन्हा द्यावे लागतील, हे नव्या ठिकाणाहून आधी लेखी घ्यावे. जुन्या कॉलेजात नाव काढण्याचा अर्ज त्यानंतर.