अदृश्य ताऱ्यांची मोजदाद

यॉर्कशायरमधील थॉर्नहिल गावचे धर्मोपदेशक जॉन मिशेल यांनी १७८३ साली आपले स्नेही हेन्री कॅव्हेंडिश यांना लिहिलेले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभेत वाचले गेलेले पत्र हा कृष्णविवरांच्या मोजदादीचा आद्य दाखला होय. सूर्याइतक्याच घनतेचा, परंतु त्याच्या पाचशेपट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाशही आकर्षणाने माघारी वळेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि त्याहूनही मोलाची होती ती त्यांची पुढची तजवीज, की असा तारा दृष्टीस पडला नाही, तरी त्याच्याभोवती फिरणाऱ्या तेजस्वी सहचराच्या गतीवरून त्याचे अस्तित्व अनुमानता येईल.

आकाराचा नियम मात्र निश्चित झाला तो १९१६ साली, जेव्हा रशियन आघाडीवर लढत असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढलेले उत्तर प्रसिद्ध झाले. सूर्याएवढ्या वस्तुमानास सुमारे तीन किलोमीटर त्रिज्या, आणि वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पट, असे हे सरळ प्रमाण आहे. परंतु त्रिज्या दुप्पट होताच घनफळ आठपट होत असल्यामुळे, कृष्णविवर जितके मोठे तितकी त्याची सरासरी घनता कमी भरते.

मिशेल यांची तजवीज फळास आली ती जवळजवळ दोन शतकांनंतर. हंस तारकासमूहातील एक निळा महाराक्षसी तारा ५.६ दिवसांत कोणा अदृश्य सहचरासह प्रदक्षिणा पुरी करतो, असे १९७१-७२ च्या सुमारास ग्रिनिच वेधशाळेचे लुईस वेबस्टर व पॉल मर्डिन आणि टोरांटोचे टॉम बोल्टन यांनी दाखवून दिले. पुढे आकाशगंगेच्या केंद्राभोवती सोळा वर्षांत फेरी घालणाऱ्या ताऱ्याच्या कक्षेवरून तेथे चाळीस लाख सूर्यांचे वस्तुमान असल्याचे सिद्ध झाले.

एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराबाबत मात्र वाद होता, कारण ताऱ्यांच्या गतीवरून काढलेले वस्तुमान वायूच्या गतीवरून काढलेल्याच्या जवळजवळ दुप्पट येई. त्याचा निवाडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राने केला: छायेच्या रुंदीवरून वस्तुमान साडेसहाशे कोटी सूर्यांएवढे ठरले आणि ताऱ्यांची साक्ष ग्राह्य झाली. त्या विवराची त्रिज्या नेपच्यूनच्या कक्षेच्या चौपट, तर सरासरी घनता आपल्या हवेहूनही विरळ आहे. जे दिसत नाही त्याचे माप त्याच्या शेजाऱ्यांच्या वर्तनावरून घेण्याची मिशेल यांची रीत अशा रीतीने प्रत्यक्ष आकाराच्या कसोटीस उतरली, आणि भौतिकशास्त्राच्या इतिहासात इतक्या दीर्घ प्रतीक्षेनंतर असे यश क्वचितच कोणत्या अनुमानाच्या वाट्यास आले असेल.