रखमाबाई खटला

रखमाबाई खटला : (१८८४–८८). बालपणी, स्वतःच्या संमतीवाचून झालेला विवाह सज्ञान झालेल्या स्त्रीवर कितपत बंधनकारक असतो, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात चाललेला प्रसिद्ध खटला. ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या नावाने तो विधिवृत्तांत नोंदला गेला आहे. वादी दादाजी याची मागणी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे अशी होती. हा विवाह आपणावर लादला गेला असून तो आपणास मान्य नाही, ही प्रतिवादी रखमाबाईंची भूमिका होती. विवाह रद्द करून मागण्याची कोणतीही तरतूद तत्कालीन हिंदू विधीत नव्हती. त्यामुळे पतीच्या दाव्यास नकार देणे हाच त्यांच्यापुढे एकमेव मार्ग उरला होता.

पूर्ववृत्त : रखमाबाईंचा जन्म मुंबई येथे सुतार ज्ञातीतील एका कुटुंबात २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. त्यांच्या बालपणीच वडील जनार्दन पांडुरंग यांचे निधन झाले. या ज्ञातीत विधवाविवाहाची रूढी असल्याने त्यांची आई जयंतीबाई हिने पुढे विधुर असलेले डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून मिळालेली मालमत्ता तिने मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातील दादाजी भिकाजी या सु. १९ वर्षांच्या तरुणाशी झाला. मुलगी लहान असल्याने सखाराम अर्जुन यांनी तिला सासरी पाठविण्यास नकार दिला. दादाजीने शिक्षण घ्यावे व आपल्या पायांवर उभे राहावे अशी त्यांची अपेक्षा होती. तथापि ती फलद्रूप झाली नाही. दादाजी मामाच्या आश्रयाने राहू लागला व क्षयाच्या विकाराने काही काळ अंथरुणास खिळला. याच काळात रखमाबाईंनी घरच्या घरी वाचन व इंग्रजीचा अभ्यास करून आपली बौद्धिक वाढ करून घेतली. विवाहानंतरच्या या आठदहा वर्षांत पतिपत्नींचा सहवास असा कधीच घडला नाही.

दाव्याचे स्वरूप : मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्नीस पाठविण्याची मागणी केली आणि ती नाकारली गेल्यावर दांपत्याधिकारांच्या प्रत्यास्थापनेसाठी दावा लावला. पतीचे दारिद्र्य, प्रकृतिअस्वास्थ्य, त्याच्या वर्तनाविषयीचा अविश्वास आणि ज्या घरी जावयाचे तेथील वातावरण ही कारणे रखमाबाईंच्या वतीने पुढे करण्यात आली. मालमत्तेच्या लोभाने मुलीस माहेरी अडकवून ठेवले आहे, असा वादीपक्षाचा प्रत्यारोप होता. रखमाबाईंच्या बाजूने लॅथम, इन्व्हेरॅरिटी व काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे विधिज्ञ उभे राहिले.

दांपत्याधिकारांच्या प्रत्यास्थापनेचा दावा ही हिंदू धर्मशास्त्रातील संस्था नव्हे. तिचा उगम इंग्लंडमधील धर्मन्यायालयांत आहे. १८६७ साली एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असा दावा हिंदी न्यायालयांत चालू शकतो असे ठरविले आणि त्यानंतर तो येथे रूढ झाला. मात्र हा उपाय येथे अर्धवटच आला. ज्या धर्मन्यायालयांनी नांदावयास जाण्याचा हुकूम देण्याची पद्धती घातली, तीच न्यायालये विवाह शून्य असल्याचेही जाहीर करीत. संमतिवयापूर्वी लावलेला विवाह ते वय प्राप्त होताच नाकारण्याची मुभाही त्यांच्या विधीत होती. मुस्लिम विधीत यासारखाच वयात आल्यावर वापरावयाचा विकल्प आहे. पारशी व ख्रिस्ती विवाहांसाठी अनुक्रमे १८६५ व १८६९ च्या अधिनियमांनी विवाहशून्यता व घटस्फोट यांची सोय केली होती. हिंदू स्त्रीच्या वाट्यास मात्र केवळ सक्तीचा भाग आला. सुटकेचा आला नाही. ब्राह्मणेतर ज्ञातींत काडीमोडीची रूढी होती. परंतु जातपंचायतीने विवाह मोडल्यास तो न्यायालये मानणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली ठरविले होते. शिवाय अशा हुकूमनाम्याची अवज्ञा करणाऱ्यास कारावासात टाकण्याची शिक्षा इंग्लंडमध्ये १८८४ साली रद्द झाली असताना हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कायम होती.

निर्णय : न्या. पिन्ही यांच्यासमोर सप्टेंबर १८८५ मध्ये सुनावणी होऊन २१ सप्टेंबर रोजी त्यांनी दावा फेटाळला. त्यांच्या मते, एकत्र राहिलेल्या व नंतर विभक्त झालेल्या जोडप्याच्या बाबतीतच प्रत्यास्थापनेचा प्रश्न उद्‌भवतो. येथे सहवासास प्रारंभच झालेला नव्हता. असहाय बाल्यात विवाह झालेल्या तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे क्रूरपणाचे ठरेल, असेही त्यांनी म्हटले. दादाजीने अपील केले. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी १८८६ साली हा निर्णय फिरविला. हिंदू विधीनुसार विवाह संस्काराने पूर्ण होतो. त्यास वधूची संमती अथवा नंतरचा सहवास आवश्यक नाही आणि म्हणून दावा चालविण्यास हरकत नाही, असे त्यांनी ठरवून प्रकरण फेरसुनावणीस पाठविले. न्या. फॅरन यांनी ४ मार्च १८८७ रोजी रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. नांदावयास जाण्यापेक्षा आपण तुरुंगवास पत्करू, असे रखमाबाईंनी स्पष्ट केले. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते.

लोकमत : खटल्याने सर्व देशभर, तसेच इंग्लंडातही खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसृत केली होती. त्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात १८८५ साली प्रसिद्ध झालेली याच विषयांवरील पत्रे रखमाबाईंची होती, हे पुढे उघड झाले. मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌‌स्वर्थ प्रभृतींनी त्यांच्या साहाय्यार्थ समिती स्थापन केली. मॅक्स म्यूलर यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रातून त्यांची बाजू घेतली, तर पंडिता रमाबाईंनी आपल्या १८८७ सालच्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची हकीकत दिली. उलट, हिंदू विवाहाचा निर्णय हिंदू धर्मशास्त्रानेच झाला पाहिजे, परकीय सरकारने त्यात हात घालू नये, असे मानणाऱ्या पक्षाने दादाजीस पाठिंबा दिला; लोकमान्य टिळकांचे मत याच बाजूचे होते. या वादातील एक विसंगती लक्षणीय आहे : धर्मरक्षणासाठी ज्या हुकूमनाम्याचा पुरस्कार केला जात होता, तो धर्मशास्त्रातून नव्हे, तर इंग्रजी विधीतूनच आलेला होता. दादाजीने १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली व रखमाबाईंनी तिला जाहीर उत्तर दिले.

तडजोड : जुलै १८८८ मध्ये उभयपक्षी तडजोड होऊन दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकूमनाम्याची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. व्हिक्टोरिया राणीने आपल्या अधिकारात हा विवाह रद्द केला, अशी समजूत पुष्कळदा आढळते. तीस आधार नाही. विधीच्या दृष्टीने विवाह अखेरपर्यंत कायम राहिला. दादाजीने पुढे दुसरा विवाह केला. पुरुषास तशी मुभा होती, रखमाबाईंना नव्हती. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८९४ मध्ये ब्रूसेल्स येथे एम्‌.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर सुरत व राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. १९०४ साली दादाजीच्या मृत्यूनंतर त्यांनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. जो विवाह आयुष्यभर नाकारला, त्याचेच हे चिन्ह का पत्करले, याची निरनिराळी उपपत्ती अभ्यासकांनी लावली आहे. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

परिणाम : १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले, बंगालमधील फुलमणी प्रकरण हे त्याचे निकटचे निमित्त असले, तरी त्यामागील लोकमत घडविण्यात रखमाबाई खटल्याचा वाटा मोठा होता. मात्र ज्या दोन त्रुटी या खटल्याने उघड केल्या, त्या दूर होण्यास दीर्घकाळ लागला. हुकूमनाम्याच्या अवज्ञेबद्दलचा कारावास १९२३ साली रद्द झाला. घटस्फोटाची सोय बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभरातील हिंदूंसाठी १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने झाली. याच अधिनियमाने शून्य व शून्यकरणीय विवाह असा भेद करून जबरदस्तीने अथवा फसवणुकीने मिळविलेली संमती हे विवाह रद्द करण्याचे कारण मानले. पंधरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या मुलीस तो अठरा वर्षांपूर्वी नाकारून घटस्फोट मागण्याचा अधिकार १९७६ च्या दुरुस्तीने दिला. त्यासाठी सहवास झाला होता की नव्हता, हे पाहिले जात नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने तर बालविवाह हा बालकाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय ठरविला व त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. रखमाबाईंनी मागितले होते ते थोडक्यात एवढेच होते. दांपत्याधिकारांच्या प्रत्यास्थापनेचा उपाय मात्र १९५५ च्या अधिनियमातही ठेवण्यात आला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली तो घटनाबाह्य ठरविला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याची वैधता मान्य केली.