अपिलाची मुदत आणि आपण

१९०८ च्या मुदत कायद्यात सेशन्स कोर्टाने फाशी सुनावलेल्या माणसाला हायकोर्टात अपील करायला अवघे सात दिवस होते. तुरुंगातल्या, निरक्षर, वकील नसलेल्या माणसाला सात दिवस! १९६३ च्या कायद्याने ते ३० केले; इतर शिक्षांविरुद्ध हायकोर्टात ६०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळले जातात.

पण हे झाले शिक्षा झालेल्याचे. ज्याची वस्ती जाळली त्याचे काय? पोलिसांनी चालवलेल्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले की अपील करणे सरकारच्या मर्जीवर, तेही ९० दिवसांत. पीडिताला स्वतःचा अपिलाचा हक्क मिळायला ३१ डिसेंबर २००९ उजाडावा लागला. पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १४-अ आले. मुदत ९० दिवस, सबळ कारण दाखवल्यास १८० पर्यंत. त्यानंतर दार बंद. २०१८ साली अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ही १८० दिवसांची अट घटनेच्या १४ व २१ व्या कलमांविरुद्ध ठरवून रद्द केली.

घरातला पहिला पदवीधर म्हणून वस्तीतले कोर्टाचे कागद वाचायला माझ्याकडे येतात, बहुधा उशिराच. न्यायाची भाषा आपल्याला परकी ठेवली गेली, त्याची किंमत अशी दिवसांत मोजावी लागते. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच: निषेधाचा मोर्चा जरूर काढा, पण निकाल लागेल त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज द्या, आणि तारीख लिहून ठेवा.