सिगारेटच्या धुराची विषाक्तता : प्राण्यांवरील प्रयोग

सिगारेटच्या धुराचे घातक परिणाम माणसात मुद्दाम घडवून तपासता येत नाहीत. म्हणून ते उंदीर, गिनीपिग, कुत्रा अशा प्राण्यांवर अभ्यासले जातात. यांतील सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील अर्न्स्ट वाइंडर, एव्हर्ट्स ग्रॅहॅम व अडेल क्रॉनिंजर यांचा (१९५३). यंत्राने सिगारेटी ओढून त्यांनी धुरातील डांबर गोळा केले, ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले आणि उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून तेथे आठवड्यातून तीनदा ब्रशने लावले. ४४ टक्के उंदरांना त्वचेचा कर्करोग झाला. रुग्णांच्या पाहण्यांतून दिसलेल्या, धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांच्यातील संबंधाला यामुळे जैविक आधार मिळाला. ग्रॅहॅम स्वतः अनेक वर्षे धूम्रपान करीत. १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला.

त्वचेवरून फुफ्फुसाचा निष्कर्ष काढण्याला अर्थातच मर्यादा आहेत. प्रत्यक्ष धुरात ठेवलेल्या उंदरांत फुफ्फुसाचा कर्करोग सहजासहजी होत नाही. उंदीर नाकानेच श्वास घेतो, त्याच्या नाकातील वळणावळणाच्या पोकळीत बरेच कण अडकतात आणि माणसासारखा तो धूर खोल ओढत नाही. तंबाखू उद्योगाने अशा निष्फळ प्रयोगांचा आधार घेऊन संशय पसरवला, हे चुकीचेच होते.

वातस्फीती (एम्फिसीमा) या फुफ्फुसाच्या विकाराच्या अभ्यासात मात्र उंदीर फार उपयोगी ठरला. भक्षकपेशींतील इलॅस्टेज हे विकर जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांना दीर्घकाळ धूर देऊनही वातस्फीती झाली नाही (१९९७). फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजण्यात शरीराच्याच संरक्षक पेशींचा हात असतो, हे त्यातून उघड झाले.